करमाळ्याची हजेरी

३ एप्रिल, बुधवार

आज सोलापुरात आले. एसटीतून उतरल्या उतरल्या उन्हाने अशी थोबाडीत दिली की पुण्यात वीस वर्षं काढल्याचा तोरा स्टँडवरच उतरला. तरी मन खूश आहे. जुळे सोलापुरात दुसऱ्या मजल्यावर खोली मिळाली. घरमालकीण अक्कम्मा विणकराच्या घरातल्या, तेलुगू आणि मराठी एकाच दमात बोलतात. बॅग खाली ठेवायच्या आत त्यांनी कडक भाकरी, शेंगाचटणी आणि दही समोर मांडलं, आणि बजावलं की अंगावर मांस नसलेल्या बाईला त्या भाड्याने ठेवत नाहीत.

पुण्यातली कंपनी बंद पडली तेव्हा माझं वय सत्तेचाळीस. या वयात कोण नोकरी देतं? पण इथल्या ‘धावा’ हेल्पलाइनला फोनचं जाळं कळणारं माणूस हवं होतं. साप चावला, बाळंतपण अडलं, छातीत कळ आली, की लोक या एका नंबरवर फोन करतात आणि गाडी निघते. केंद्रं तीन: सोलापूर, सांगोला, करमाळा. आणि आप्पा करमाळ्याजवळच्या वस्तीवर एकटे राहतात. दर रविवारी जाता येईल, एवढ्यासाठीच मी ही नोकरी घेतली, हे लपवायचं कशाला.

संध्याकाळी आप्पांना फोन केला. हेल्पलाइनचा नंबर त्यांनी आधीच कोळशाने भिंतीवर लिहून ठेवलाय. काही झालं तर थेट लेकीच्या हपिसात लागतो म्हणून अख्ख्या वस्तीला सांगून झालंय. ते म्हणाले, “तुजाच नंबर हाय न्हवं? मग मला काय हुतंय.” ऐकून बरं वाटलं.

५ एप्रिल

कामाचं स्वरूप कळलं. व्यवस्थापक शाकीरभाई भला माणूस, साठीला आलेला, चहाचा ग्लास हातातून सुटत नाही. दिवसा सोलापूरचे फोन मी घ्यायचे, रात्री ते. प्रत्येक केंद्रात एक सर्व्हर आहे, म्हणजे इंटरनेटवरून फोन चालवणारं डबडं. ज्या तालुक्यातून फोन येतो तिथली घंटी आधी वाजते. तिथे कोणी उचलला नाही तर फोन पुढच्या केंद्राकडे सरकायला हवा. तो सरकतो, पण अर्धामुर्धा. परवा सांगोल्याकडून आलेल्या एका फोनवर बाई रडत होती, आम्हाला स्वच्छ ऐकू येत होतं, आणि आमचा शब्द तिला पोचत नव्हता. गाव न सांगताच तिने फोन ठेवला. तेव्हापासून शाकीरभाईंना झोप नाही.

दोष कुठे आहे ते मला तासाभरात दिसलं. सर्व्हर एकमेकांशी सिप नावाच्या पद्धतीने बोलतात. सगळं जग तीच वापरते. पण तीत फोन आल्याचा निरोप एका वाटेने जातो आणि आवाज दुसऱ्या वाटेने. वरात एका रस्त्याने, नवरा दुसऱ्या. आमच्या असल्या राउटरांच्या गर्दीत नवरा मधेच हरवतो.

९ एप्रिल

पाडवा. हेल्पलाइनला सुट्टी नसते. आप्पांनी गुढी उभारली, शेजारच्या शिवबाईने पुरणपोळ्या दिल्या, असा फोनवर वृत्तांत. मी अक्कम्मांकडचं श्रीखंड खाऊन कामाला आले.

आज इथल्या एका रीतीची गंमत वाटली. सकाळी सातपासून संध्याकाळी सातपर्यंत दर तासाला करमाळ्याहून भिमाअण्णांचा फोन येतो. भिमाअण्णा सर्वांत जुने, केंद्राच्या खोलीतच राहतात. ते विचारतात, “सोलापूर, हायसा का?” आपण म्हणायचं, “हाय की.” मग ते सांगोल्याच्या मथुराबाईंना विचारतात. याला हजेरी म्हणतात. तीनदा विचारून उत्तर आलं नाही तर त्या केंद्रावर गाडी पाठवायची. पूर्वी एक ऑपरेटर खुर्चीतच बेशुद्ध पडला होता, त्याला या हजेरीनेच वाचवलं म्हणे. माणसाच्या तोंडून ‘हाय’ ऐकल्याशिवाय हजेरी लागत नाही, असा भिमाअण्णांचा नियम.

१२ एप्रिल

निवड केली. आयएएक्स. जुनी पद्धत आहे, फार कोणी वापरत नाही, पण निरोप आणि आवाज दोन्ही एकाच दारातून जातात. दार उघडं तर सगळं पोचणार, बंद तर काहीच नाही. अर्धवट प्रकार संपला. शाकीरभाईंनी विचारलं की सगळी दुनिया सिपवर असताना आपणच कशाला दुसरीकडे जायचं. मी म्हटलं, दुनियेला सांगोल्याचा राउटर सांभाळावा लागत नाही.

दुपारी तिन्ही केंद्रं जोडली. आवाज असा आला की मथुराबाईंच्या बांगड्या वाजलेल्या इथे कळल्या. एरवी कुणाचं कौतुक न करणाऱ्या त्या बाई म्हणाल्या, “लई ग्वाड लागलं बगा.” मी दिवसभर हवेत होते.

१८ एप्रिल

पारा बेचाळीसवर. पंखा गरम हवाच ढवळतो. रविवारी आप्पांकडे जाऊन आले. येता-जाताच्या सहा तासांनी पाठीचा खुळखुळा झाला. आप्पा खंगलेत, पण कबूल करत नाहीत.

तासातासाची हजेरी आता डोक्यात जाते. जरा कामात शिरावं की भिमाअण्णा दारात उभे. नव्या पद्धतीत हे काम यंत्रच करतं. दर मिनिटाला एक सर्व्हर दुसऱ्याला विचारतो, आहेस का? दुसरा म्हणतो, आहे. माझ्या पडद्यावर त्या केंद्रापुढे हिरवा ठिपका लागतो. मग माणसांनी कशाला घसा कोरडा करायचा?

२२ एप्रिल

हजेरी बंद केली. शाकीरभाईंनी माझ्यावर सोपवलं होतं. मथुराबाईंना सुटका वाटली. भिमाअण्णांना मात्र पटलं नाही. त्यांनी विचारलं, “यंत्र हाय म्हनंल वो बाई, पर मानूस हाय का न्हाय, ते कोन बगनार?” मी म्हटलं, अण्णा, आता आराम करा. ते म्हणाले, एकवीस वर्षं हजेरी घेतलीय, आराम कसा करतात ते विसरलो. मला वाईट वाटलं. पण त्या दुपारी सलग तीन तास काम झालं, हेही खरं.

२८ एप्रिल

सगळं सुरळीत. तिन्ही ठिपके हिरवे. उन्हाने कोणाला फोन करायचंही त्राण उरलं नाहीये. या रविवारी आप्पांकडे गेले नाही. दमले होते.

२ मे

भिमाअण्णा गेले.

आज सकाळी करमाळ्याचा ड्रायव्हर गाडीचे कागद घ्यायला केंद्रावर गेला तेव्हा ते खुर्चीत सापडले, कानाला हेडफोन तसाच. डॉक्टर म्हणाले, हार्ट अटॅक, जाऊन दोन दिवस झाले असावेत. तीस तारखेच्या सकाळीच. ड्रायव्हरला गेल्या दोन दिवसांत एकही वर्दी आली नव्हती. फोनच आले नसतील, असं त्याला वाटलं.

दोन दिवस. दर मिनिटाला माझं यंत्र त्यांना विचारत होतं आणि ते ‘आहे’ म्हणत होतं. मी रोज तो हिरवा ठिपका बघून चहा प्यायले. हजेरी चालू असती तर तासाभरात कळलं असतं. कदाचित ते वाचलेही असते. शाकीरभाई मला एका शब्दानेही बोलले नाहीत. बोलले असते तर सोपं गेलं असतं.

४ मे

फोन आलेच नव्हते, असं नाही. करमाळ्याच्या यंत्रात त्या दोन दिवसांची अकरा रेकॉर्डिंग्ज आहेत. अकराही फोन उचलले गेलेत.

मी ऐकली. आवाज भिमाअण्णांचा. शांत, नेहमीसारखा. नाव विचारतात, वस्ती विचारतात, मग म्हणतात, “गाडी निगाली. डोळं मिटून पडा. आलीच.” अकराही वेळा तेच. एकही गाडी निघालेली नाही. नऊ जणांना शेजाऱ्यांनी कसंबसं दवाखान्यात पोचवलं. दोघं डोळे मिटून पडले ते पडलेच.

कुणीतरी जुना आवाज जोडून खोडी केली असेल, असं मी शाकीरभाईंना म्हणाले. पण ते ऐकून त्यांचा चहा तसाच राहिला. अण्णा माणसांना नावाने विचारत होते, मुलाबाळांची चौकशी करत होते. ते कोण जोडणार?

६ मे

करमाळ्याचं केंद्र बंद केलं. शाकीरभाई स्वतः जाऊन सर्व्हर घेऊन आले. तो आता माझ्या टेबलावर आहे. वायर माझ्या हातात आहे, प्लग कशातही नाही.

पडद्यावर करमाळ्याचा ठिपका हिरवा आहे.

मी जोडणीच पुसून टाकली. त्या नावाची ओळही यादीत ठेवली नाही. दहा मिनिटांनी ती ओळ परत आली. पूर्वी उत्तर यायला जेवढा वेळ लागायचा तेवढाच लागतोय. डबड्यावर हात ठेवला तर थंडगार. बाहेर त्रेचाळीस.

८ मे

जुना दोष परत आला. सकाळपासून फोनवर आम्हाला ऐकू येतं, आमचं पलीकडे जात नाही. एकाच दारातून दोन्ही जायला हवेत, मग हे होतंच कसं? सांगोल्याला मथुराबाई सकाळभर ओरडून ओरडून दमल्या.

बारा वाजता माझा फोन वाजला. करमाळा.

“सोलापूर, हायसा का?”

मी रिसीव्हर कानाला धरून बसले. तीनदा विचारलं. मी तोंड उघडलं नाही. फोन बंद झाला.

मथुराबाईंना सांगायला लगेच मोबाईल लावला, तो लागला अर्ध्या तासाने. त्या खुशीत होत्या. हजेरी पुन्हा सुरू केलीत ते बरं केलंत, म्हणाल्या. नवा माणूस अगदी अण्णांसारखाच बोलतो. त्यांनी सवयीने ‘हाय की’ म्हटलं, आणि त्या क्षणापासून त्यांचा आवाज पलीकडे नीट जायला लागला. तीन फोन घेतले, तिन्ही लोकांना ऐकू गेलं. “नुसतं हाय म्हनायची खोटी हुती बगा.”

काय सांगायचं त्यांना? घरी जा म्हटलं. त्या हसल्या. ड्युटी सातला संपते, म्हणाल्या.

९ मे

मथुराबाई गेल्या. खुर्चीत. ड्रायव्हर सकाळी चहा घेऊन गेला तेव्हा अंग गार होतं.

अकरा वाजता सांगोल्याचा एक फोन आमच्याकडेही वाजला. मी उचलेपर्यंत तिकडून कोणीतरी उचलला होता. बांगड्या वाजल्या. गाडी निघाली, डोळे मिटून पडा, असं त्या म्हणाल्या. मी ओरडत राहिले. त्या माणसाला माझं ऐकू गेलं नाही. गावाचं नाव ऐकून मी मोबाईलवरून गाडी पाठवली, म्हणून तो वाचला.

त्या माझ्या चुकीने गेल्या. अण्णाही. लिहून ठेवते.

१० मे

शाकीरभाईंनी टेलिफोन कंपनीला नंबरच बंद करायला सांगितलंय. सोमवार उजाडेल, असं उत्तर आलं. गावोगाव निरोप धाडलेत की या नंबरवर फोन करू नका. पण तीन तालुक्यांत भिंतींवर रंगवलेला नंबर एका दिवसात कसा पुसणार?

आप्पांना सांगितलं, भिंतीवरचा नंबर पुसा. त्यांना कमी ऐकू येतं. तुझा नंबर कशाला पुसू, म्हणाले. दोनदा, तीनदा सांगितलं. बरं बरं, म्हणाले. म्हणजे पुसणार नाहीत.

उद्या शाकीरभाई गाडी घेऊन त्यांना आणायला जाणार. मीही जाणार होते. पण फोनवरचे पत्ते ऐकून मोबाईलवरून गाड्या पाठवायला इथे कोणीतरी हवं. दुसरं कोण आहे? शिवबाईचा नंबर घ्यायचा राहिलाय, उद्या घ्यायचा.

हजेरी दर तासाला येते. मी गप्प बसते. खरं सांगायचं तर चिडचिड होण्याइतकंही बळ नाही. कधी कधी वाटतं, एकदा ‘हाय’ म्हणावं आणि संपवावं. अक्कम्मांनी डबा दिलाय. उघडला नाही.

११ मे, शनिवार

दहा वाजता शाकीरभाई निघाले. पोचायला एक वाजेल. चार फोन आले. चारही पत्ते लिहून घेतले, गाड्या गेल्या.

१२.३५

आप्पा—

करमाळ्याचा फोन इथे वाजला, मी उचलला. तिकडून आधीच उचललेला. आप्पांचा आवाज. कडब्याच्या गंजीत हात घातला, साप होता. दोन दात उमटलेत. भिमाअण्णांनी नाव विचारलं. आप्पा म्हणाले, “माजी लेक तितंच असती वो.” अण्णा म्हणाले, व्हय, वळखतो की.

गाडी निगाली. दार लावून घ्या. डोळं मिटून पडा.

मी ओरडतेय. आप्पा, दार लावू नका. शिवबाईला हाक मारा. तिच्या पोराची मोटरसायकल आहे, दवाखाना चार किलोमीटरवर. हाक मारा फक्त. जात नाही. काही जात नाही.

१२.४५

आप्पांचा मोबाईल लागत नाही, ते या फोनवर आहेत. शाकीरभाई रेंजमध्ये नाहीत. करमाळ्याच्या ड्रायव्हरला कळवलं, तो केम गावाला पेशंट घेऊन गेलाय, यायला तास. १०८ ला सांगितलं, तीही लांब आहे. तासभर आप्पा—

दार लावल्याचा आवाज आला. कडी.

आप्पा म्हणतात, जीभ जड झालीय. अण्णा म्हणतात, बोलू नका, पडा. किती मायेने सांगतात. त्यांना खरंच वाटतं गाडी निघालीय. आप्पांना तर वाटतंच. माझ्या हपिसातून निघालीय ना.

१२.५६

फोन ठेवत नाही. एका हाताने लिहितेय. शाकीरभाई, वही टेबलावर आहे. आधी आप्पांकडे जा, नंतर इथे या. नवीन माणूस ठेवाल तर त्याला सांगा, हजेरी माणसानेच घ्यायची, माणसालाच द्यायची. आणि करमाळ्याने विचारलं तर कोणी उत्तर देऊ नका. माझ्या आवाजात कोणी गाडी निघाली म्हटलं तर विश्वास ठेवू नका. अक्कम्मांचा डबा तसाच आहे, त्यांना सांगू नका.

मथुराबाईंचा आवाज हाय म्हटल्यावर गेला होता. तीन लोकांना नीट ऐकू गेला होता. मला एकच फोन पुरे.

१.००

वाजला एक. आप्पांचा श्वास ऐकू येतोय, घरघरतोय. मधेच दुसरा आवाज. त्याच लाइनवर.

सोलापूर, हायसा का?

आप्पा कण्हले. माझं नाव घेतलं.

सोलापूर, हायसा का?

शिवबाईला हाक मारा, एवढंच सांगायचं. एवढंच. कडी काढा, हाक मारा—

तिसऱ्यांदा विचारतायत. आले आप्पा. हा